बाजूला बसलेल्याचं पत्र कोण वाचतं

न्याशानू, बुहेरा
ता. १२ मार्च १९९५

प्रिय साहविरा मार्विझी यास,

जायरोस मास्तरचे प्रभूच्या नावाने स. न. वि. वि.

पाच महिने झाले, तुझं पत्र नाही. सुतार माणूस फळीला खिळे मारतो तसे याने तोंडालाच मारून घेतले की काय, असं एस्नाथ रोज विचारते. शहरात लाकूडकाम भरपूर असेल, आणि ते पांढरे झगे धुण्यातही वेळ जात असेल, असं मी तिला सांगतो. इकडे मका बरा आहे. कणसं अर्धीच भरली, पण ब्याण्णवच्या दुष्काळात आपण जे खाल्लं ते आठवलं की अर्धं कणीससुद्धा देवाचं देणं वाटतं.

आता मुख्य बातमी. माझ्या पोटात उजवीकडे गाठ आहे. डॉक्टरने पोट दाबून पाहिलं आणि मग माझ्याऐवजी एस्नाथकडे बघून बोलायला लागला. तेव्हाच मी समजलो. पस्तीस वर्षं मी शाळेत निकाल सांगितलेत. पोरगं नापास असलं की मास्तर आधी बापाशी बोलतो.

तेव्हा साहविरा, आपल्या दोन घरांचं काम निघालं आहे. तुझ्या आजोबांनी माझ्या आजोबांना पुरलं, माझ्या बापाने तुझ्या बापाला. खड्ड्यात पहिलं ढेकूळ साहविराचं, म्हणजे घराच्या पिढीजात मित्राचं. मेलेल्याचे कपडे अंगात घालून त्याची नक्कल करायची ती साहविराने. रडणाऱ्यांना हसवायचं त्यानेच, आणि मेलेला कसा होता ते तोंडावर खरं खरं सांगायचंही त्यानेच. त्याचा राग कोणी धरायचा नाही. आपल्या दोघांत जो मागे राहील त्याने दुसऱ्याचं हे करायचं. पाळी तुझ्यावर आलेली दिसते. मला मुलगा नाही, लेक रुवा लग्न करून बोत्स्वानात. माझं दुसरं कोण आहे ते तूच सांग.

पण ऐकतो ते असं की तुझे नवे लोक आमच्यासारख्यांच्या मातीला जात नाहीत, कारण तिथे पवित्र शास्त्र उघडलं जातं. तुम्ही म्हणे शास्त्र वाचणंच सोडलंत. तो नुसता कागद, वाळवी खाते, आत्मा थेट बोलतो. मग एक सांग. देवाचं पत्र तू वाचत नाहीस, आणि या म्हाताऱ्या मास्तरचं मात्र पाकीट फोडून, दोनदा वाचून, ट्रंकेत जपून ठेवतोस. हा कुठला न्याय? देवापेक्षा माझं अक्षर चांगलं आहे म्हणून?

येशील की नाही, तेवढं कळव. वाद काय, घालायचाच आहे.

लोभ आहेच, तो या वादालाही पुरून उरावा,
तुझा,
जायरोस


चितुंगविझा
ता. २ एप्रिल १९९५

साहविरा जायरोस मास्तर यास,

मार्विझी सुताराचा स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रंधा खाली ठेवला तो त्या दिवशी पुन्हा उचलला नाही. गाठीचं ऐकून वाईट वाटलं. शुक्रवारी भक्तीत आम्ही सगळ्यांनी तुझ्यासाठी गुडघे टेकले. तुला आधी विचारलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास.

पत्राचा टोला चांगला हाणलास. पण मास्तर, पत्र कोणाचं वाचतात? जो लांब आहे त्याचं. पाहुणा घरात येऊन चटईवर बसलाय आणि घरधनी त्याच्याकडे पाठ करून त्याचंच जुनं पत्र मोठ्याने वाचतोय, असं घर तू पाहिलं आहेस का? मी पाहिलं आहे. तुमची मंडळी, दर रविवारी, दहा ते बारा. बाजूला बसलेल्याचं पत्र कोण वाचतं? आमचा देव आमच्यात येऊन बसतो. उघड्या खडकावर आम्ही अनवाणी बसतो, तो बोलतो, आम्ही ऐकतो. ताजं बोलणं. मक्याच्या पिठाचा कालचा सादझा आम्ही कुत्र्याला घालतो.

आता मातीला यायचं. पुस्तक वाचून पुरतात तिथे जायचं नाही, असा आमच्यात नियम आहे हे खरं. पण नियमाच्या आड लपायची विद्या तुझी, माझी नाही. म्हणून खरं कारण लिहितो. इतके दिवस लिहिलं नव्हतं.

नोव्हेंबर एक्याण्णव. माझा लव्हमोर. बस पुलावरून खाली कोसळली आणि बाविसाव्या वर्षी मुलगा गेला. त्याची आई आधीच गेलेली, दुसरं मूल नाही. बापाचा जो साहविरा तोच मुलाचा, म्हणजे तू. त्याची लाल टोपी मी खड्ड्याच्या काठावर काढून ठेवली होती. तू ती घालशील, त्याच्यासारखा बैलांच्या मागे चालशील, बैलांना खेळाडूंची नावं देऊन रेडिओवर फुटबॉलचा सामना सांगतात तसं ओरडत सांगशील, काळ्या बैलाने चेंडू घेतला, आता काय होतंय बघा, असं. लोक हसतील. मीही एकदा हसेन आणि मग मला रडू येईल, असं वाटलं होतं. तोवर मला रडू आलं नव्हतं.

तू टोपीकडे पाहिलंस आणि काखेतलं पुस्तक उघडलंस. ज्या माणसाची दहा मुलं एका दिवसात गेली, त्याचं वचन वाचलंस. देणाऱ्याने दिलं, नेणाऱ्याने नेलं, त्याचा महिमा असो. दुसऱ्याच्या मुलांवर दुसऱ्या कोणीतरी हजारो वर्षांपूर्वी काढलेले शब्द. ज्याला तू पाटीवर बोट धरून अक्षरं शिकवलीस, त्याच्याविषयी एक शब्द नाही. पुस्तक मिटलंस, मातीच्या ढिगावरून उतरलास, संपलं.

त्या दिवसापासून मला ते पुस्तक नको झालं. रडू आलं नाही ते आजपर्यंत.

तेव्हा येईन असं म्हणवत नाही. वहिनींना नमस्कार सांग. औषध वेळेवर घे, आमच्यात चालत नसलं तरी तुला चालतं.

लोभ अडकला आहे, तुटलेला नाही,
मार्विझी


न्याशानू
ता. २३ एप्रिल १९९५

प्रिय साहविरा मार्विझी यास,

स. न. वि. वि.

तुझं पत्र पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवशी आलं. सणाचा उपदेश माझाच होता. थडगं रिकामं सापडल्याचं मोठ्याने सांगत होतो आणि डोळ्यांपुढे एक भरलेलं थडगं होतं. गीत सुरू झालं तेव्हा खाली बसलो. लोकांना वाटलं पोटात दुखतंय.

आधी सोपं उत्तर देतो. ताजं ताजं म्हणतोस, पण पेरायला ताजं कणीस कोणी घेतं का रे? चुलीवर टांगून धुराने काळं झालेलं, गेल्या वर्षीचं वाळकं कणीसच घेतात. दुष्काळात ज्यांनी तेही खाऊन टाकलं, ते पुढच्या वर्षी दारोदार फिरले. शास्त्र हे तसलं टांगलेलं कणीस आहे. दिसायला मेलेलं. तुम्ही रोजचं ताजं खाता, खा. पण आत्मा ज्याच्या तोंडून बोलतो म्हणता, तो तुमचा संदेष्टा मेला की त्याचं बोलणं त्याच्याबरोबर जाईल. मग पेरणार काय?

दुसरं. आत्मा बोलतो म्हणतोस. बोलतो तो आत्माच, कशावरून? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं कोणी केलं तर तुला कळेल कसं? शाळेत पोरं पाठ म्हणायची, तेव्हा मी समोर पुस्तक उघडं ठेवायचो. पोरं खोटी असतात म्हणून नाही, तर विसरतात म्हणून. आणि आठवत नाही तिथे स्वतःचं घालतात. संदेष्टासुद्धा माणूसच. तुझ्याजवळ ताडून बघायला काय आहे?

आता लव्हमोर. त्या वेळी मी तिथे साहविरा म्हणून उभा नव्हतो, उपदेशक म्हणून होतो. एकोणनव्वद साली मंडळीच्या पंचांनी ठराव केला होता की मातीच्या वेळी सोंगं नकोत, ती जुन्या काळची चाल आहे. पाळक माझ्या उजव्या हाताला उभे होते. ठरावावर सही करणाऱ्यांत मी होतो. स्वतः सही करायची आणि स्वतःच मोडायचं, हे शिक्षकाला शोभलं नसतं. तू तेव्हा आमच्याच मंडळीत होतास, तुलाही ठराव माहीत होता. मग टोपी का ठेवलीस?

हे लिहून वाचलं. बरोबर आहे, पण चांगलं वाटत नाही.

गाठ वाढते आहे. आता डाव्या कुशीवरच झोपता येतं. एस्नाथ म्हणते, देवाने निदान एक कूस ठेवली.

तुझ्या रागासकट तुझा लोभ मागणारा,
जायरोस


चितुंगविझा
ता. १४ मे १९९५

जायरोस मास्तर यास,

वि. वि.

तर मग तुला उपदेशकच पुरेल. तुझे पंच येतील, ठराव वाचतील, गीत क्रमांक सांगतील. माझी गरज काय?

टोपी का ठेवली म्हणून विचारतोस. माझा मुलगा मेला होता, म्हणून ठेवली. ठराव माझ्या लक्षात असायला हवा होता, होय ना?

बियाण्याचं बोललास ते छान आहे. तुझं बोलणं नेहमीच छान असतं. पण एकाचं उत्तर दे. देणाराही तोच आणि नेणाराही तोच, वर त्याचं नाव थोर म्हणायचं. असा एक धनी मी पाहिला आहे. तरुणपणी सहा वर्षं त्याच्या तंबाखूच्या मळ्यावर राबलो. झोपडी त्यानेच दिली, मनात आलं तेव्हा त्यानेच पाडली, आणि दोन्ही वेळा आम्ही टोपी काढून आभार मानले. तो मळ्याचा मालक पुस्तकात जाऊन बसला की त्याचा देव होतो का? मी ज्याला ऐकतो तो तसा नाही. तो नेत नाही, येतो. आमच्यात येऊन कण्हतो.

तुझा देव एकदा बोलून मोकळा झाला, आणि माझ्या मुलाच्या वेळी तूही तसाच मोकळा झालास. जसा देव तसा उपदेशक.

लोभाचं काय करायचं ते तूच ठरव. पंचांना विचारून ठरव.

मार्विझी


न्याशानू
ता. ८ जुलै १९९५

आदरणीय मार्विझी भावजींना,

एस्नाथचा कृ. सा. न. वि. वि.

मी कधी तुम्हाला लिहिलं नाही. घरात एक लिहिणारा आहे, तेवढा पुरे होता. हे पत्र त्यांना न विचारता लिहिते आहे.

तुमचं मे महिन्यातलं पत्र आल्यावर त्यांनी चार उत्तरं लिहिली आणि चारही चुलीत घातली. मी विचारलं तर म्हणाले की व्याकरण चुकलं. मग जेवण कमी झालं. जूनच्या शेवटी थंडी पडली आणि ते अंथरुणाला लागले. गेल्या सोमवारी सकाळी मात्र उठून बसले आणि माझ्याकडे डोक्याचा लाल रुमाल मागितला. मला वाटलं कान गार पडले असतील. त्यांनी तो टोपीसारखा डोक्याला बांधला, काठी घेतली आणि निघाले. चालवत नव्हतं. मी मागे मागे गेले, हात धरू दिला नाही.

ते तुमच्या लव्हमोरच्या थडग्यापाशी गेले. आणि भावजी, तिथे उभं राहून त्यांनी सामना सांगायला सुरुवात केली. बैलांना काठीने हाकत असल्यासारखं करायचे आणि ओरडायचे. आवाज कुठला, नुसती हवा. काळ्या बैलाने चेंडू घेतला म्हणाले, मग पुढच्या बैलाचं नाव आठवेना. मागे वळून मला विचारलं, तो शिंग मोडलेला कोण होता म्हणून. मी सांगितलं. पुन्हा सुरू झाले. लव्हमोर हसताना मान मागे टाकायचा, तशी मान टाकली आणि पडता पडता राहिले.

बाया शेतावरून येत होत्या, त्या थबकल्या. मास्तरांचं डोकं गेलं असं एक हळूच म्हणाली, ते मी ऐकलं. कोणी हसलं नाही. मी हसले. हसू आलं म्हणून नाही, कोणीतरी हसायला हवं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाळक घरी आले. हे काय केलंत असं त्यांनी विचारलं, तेव्हा यांनी सांगितलं की एक काम राहिलं होतं, चार वर्षं उशीर झाला. पाळक तरुण आहेत, प्रार्थना करून गेले.

त्या दिवसापासून ते उठलेले नाहीत. पातळ पेज चमच्याने देते. तुम्हाला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलं आहे. म्हणाले, कळलं तर तो मनाविरुद्ध येईल. मी म्हणते, मनाविरुद्ध तर मनाविरुद्ध, पण या.

भावजी, तुमचा देव तुमच्याशी रोज बोलतो म्हणतात. मग एवढं झालं ते त्याने तुम्हाला सांगितलं नाही? मलाच का लिहावं लागलं?

राग मानू नका, आणि मानलात तरी येऊन माना,
आपली,
एस्नाथ


न्याशानू
ता. ११ जुलै १९९५

प्रिय साहविरा,

स. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस. आडवा पडून लिहितो आहे. एस्नाथने तुला लिहिल्याचं कळलं. लिहू नको सांगितलं की ती लिहितेच, हे मला माहीत असायला हवं होतं. चाळीस वर्षांचा संसार आहे.

आता लपवण्यात अर्थ नाही. ठराव खरा होता, कारण खोटं होतं. त्या दिवशी मी टोपी घालायचीच ठरवलं होतं, पाळकांच्या देखत. टोपीकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि आतून काही आलंच नाही. त्याची चाल आठवेना, त्याचं हसणं आठवेना. ज्याचं बोट मी पाटीवर धरलं, त्याच्यासाठी माझ्याकडे एक शब्द नव्हता. तू समोर उभा होतास. काखेत पुस्तक होतं, ते उघडलं. बुडणारा माणूस फांदी धरतो, ती कुठल्या झाडाची ते बघत नाही. घरी आल्यावर मी त्या भित्रेपणाला ठरावाचं नाव दिलं, आणि पुढे मलाही ते खरं वाटायला लागलं.

तुझ्या मळ्याच्या मालकाला माझ्याकडे उत्तर नाही. चाळीस वर्षं उपदेश केला आणि उत्तर नाही. फक्त एक सांगतो. ज्याने ते वचन म्हटलं, तो टोपी काढून उभा नव्हता. त्याच्या आधीचं वाक्य असं आहे की त्याने अंगावरचे कपडे फाडले, डोकं भादरलं आणि तो जमिनीवर पडला. मग बोलला. मी ते वाक्य तुझ्यापुढे वाचलं नाही. मी घाईत होतो, मला तिथून निघायचं होतं. तू जे ऐकलंस ते देवाचं बोलणं नव्हतं रे, ते माझं अर्धवट वाचन होतं. देवाशी भांड, हवं तेवढं भांड, पण माझी चूक त्याच्या नावावर घालू नकोस.

तुझ्या लोकांचा नियम मोडून येऊ नकोस. म्हातारपणी माणसाला बसायला कुठलातरी खडक हवा.

लोभ तुझ्याकडे ठेवून जातो,
जायरोस


चितुंगविझा
ता. १८ जुलै १९९५

प्रिय साहविरा जायरोस,

स. न. वि. वि.

तुझं आणि वहिनींचं, दोन्ही पत्रं आजच, एकदम आली. टपालवाल्याला चार शब्द ऐकवले.

शुक्रवारच्या सकाळच्या बसने येतो. भक्तीचा दिवस आहे, असू दे. हे पत्र माझ्याआधी पोचलं तर वहिनींना सांग, तुझा तो तपकिरी कोट आणि चष्मा काढून ठेवायचा. तुझी नक्कल मी तुझ्यासमोरच करून दाखवणार आहे, तू जिवंत असताना. चुकलं तर तूच सुधार, लाल शाई घेऊन बस. उत्तर येत नसलं की तू चष्मा पुसतोस, ते करणार. गीत सुरू व्हायच्या आधी खोकतोस, ते करणार. वर्गात डुलकी लागली की मुलांना मौन प्रार्थना सांगायचास, तेही सांगणार, आणि एवढी वर्षं ज्यांनी मौन प्रार्थना केली ते सगळे हसतील.

टोपीचं वहिनींनी लिहिलेलं वाचलं. त्याविषयी समोर बोलू. कागदावर नाही जमत.

वाद संपलेला नाही. तुझ्या चटईवर बसून भांडू. चार दिवस कसेही काढ.

लोभ सुटला आहे, धावत येतो आहे,
मार्विझी


चितुंगविझा
ता. १३ ऑगस्ट १९९५

आदरणीय एस्नाथ वहिनींना,

मार्विझीचे सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. माझं शेवटचं पत्र मातीनंतर चार दिवसांनी घरी पोचलं आणि ते तुम्ही न फोडता त्यांच्या चष्म्याच्या घरापाशी ठेवलंत, असं लिहिलंत. फोडून वाचा. त्यात चार गमती आहेत, तुमच्या कामी येतील.

तुम्ही विचारलंत की पहिलं ढेकूळ टाकून, हात न धुता, एक घास न खाता मी तसाच कुठे निघून गेलो. लोक काय काय बोलले तेही लिहिलंत. बोलणारच. साहविरा मातीतून पळून गेला, हे कोणी ऐकलं आहे का? तुम्ही बायकांच्या बाजूने पाहिलंत. कोटाच्या आत काय चाललं होतं ते सांगतो.

शुक्रवारी दुपारी बसमधून उतरलो आणि रस्त्यावरच बायकांचा आक्रोश ऐकला. तो गुरुवारीच गेला होता. एक दिवस, वहिनी. तिथेच दगडावर बसलो आणि पाठ केलेल्या गमती पुन्हा म्हटल्या. म्हटलं, जिवंतपणी नाही तर नाही, साहविराचं काम तर करू. चार वर्षं ज्याच्यावर राग धरला, ते काम कसं करतात हे त्याला दाखवू.

शनिवारी तुम्ही कोट दिलात, चष्मा दिलात, पुस्तकही दिलंत, कारण पुस्तकाशिवाय जायरोस कसला. सोंगाचं सामान म्हणून मी ते काखेत धरलं. खोकलो, लोक हसले. चष्मा पुसला, आणखी हसले. तुमची रुवा रडता रडता हसली, ते मी पाहिलं. आता त्याच्या आवाजात बोलायचं होतं. मी तोंड उघडलं.

काही आलं नाही. मौन प्रार्थनेची गंमत तोंडाशी होती, ती गेली. खाली पेटी दिसत होती. तिच्या फळ्यांचे सांधे नीट बसले नव्हते, आणि मला एवढंच सुचत होतं की ही मी करायला हवी होती. मग मी आत्म्याची वाट पाहिली. चार वर्षं मी लोकांना सांगत आलो की तोंड उघडा, आत्मा ते भरतो. माझं तोंड उघडं होतं. तुम्हाला सगळ्यांना वाटलं हेही सोंग आहे, मास्तर वर्ग शांत व्हायची वाट बघतोय. पोरं हसत होती. वहिनी, ते सोंग नव्हतं. मी तिथे एकटा होतो. माझ्याशी कोणी बोललं नाही.

काखेत पुस्तक होतं. मी ते उघडलं. शोधावं लागलं नाही, ते पान चांगलं मळलेलं होतं. मी वाचायला लागलो, तेव्हाही लोक थोडे हसले, मग थांबले. कपडे फाडल्याचं वाचलं, जमिनीवर पडल्याचं वाचलं, काही वगळलं नाही. मग देणाऱ्याचं आणि नेणाऱ्याचं वाचलं. अर्थ पटला म्हणून नाही. पटलेला नाही. दुसरे शब्द नव्हते, आणि हे कोणीतरी आधीच म्हणून ठेवलेले होते.

तेव्हा आलं रडू. साहविराने रडायचं नसतं, सगळे रडत असताना एकाने उभं राहायचं असतं. मला थांबवता येईना. आणि खरं सांगतो, तुम्ही रागावू नका, ते त्याच्यासाठी नव्हतं. ते लव्हमोरचं होतं. त्याच्यासाठीचं पुढे बसमध्ये आलं. म्हणून ढेकूळ टाकलं आणि निघालो. कोट अजून माझ्याकडे आहे. दुकानातून कापूर आणून त्यासोबत ट्रंकेत ठेवला आहे.

इथे आल्यावर आमच्या वडीलधाऱ्यांनी विचारलं, पुस्तकाला हात लावलास का. लावला म्हणालो. वाचलंस का. वाचलं. त्यांनी पांढरा झगा उतरवून ठेवायला सांगितलं आणि भक्तीच्या जागेभोवतीच्या दगडांच्या रिंगणाबाहेर बसायला सांगितलं, आत्मा माझ्याविषयी काही बोलेपर्यंत. तीन शुक्रवार झाले. अजून बोललेला नाही. मी जातो, बाहेर बसतो, आतल्यांचं गाणं ऐकू येतं. मी पुस्तकवाला झालो असं मात्र तुमच्या पाळकांना वाटू देऊ नका. वादात माझी बाजू अजून शाबूत आहे. फक्त समोर कोणी नाही.

चार वर्षं मी त्याला मनातल्या मनात एकच विचारत होतो, तुझ्या तोंडून शब्द का निघाला नाही म्हणून. त्याने लिहून सांगितलं तेव्हा मला ते समजलं, पण कळलं नव्हतं. आता कळलं आहे, आणि तेवढं सांगायला तो नाही.

एक मागणं आहे. माझ्यामागे मुलगा नाही, तुमच्या घरात आता पुरुष नाही. दोन घरांचं हे काम माझ्यापाशी येऊन अडलं आहे. बाईने साहविराचं काम केल्याचं मी ऐकलेलं नाही, पण त्या दिवशी लव्हमोरच्या थडग्यापाशी तुम्ही एकट्या हसलात, तेव्हाच ते तुम्ही केलंत असं मी धरतो. माझं कळेल तेव्हा तुम्ही या. माझ्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, सुचेल ते बोला. आणि नाहीच काही सुचलं, तर कुठलंही पान उघडा आणि वाचा. मी रागावणार नाही.

लोभ दोघांचा होता, आता तुम्ही एकट्यांनी सांभाळावा,
आपला,
मार्विझी